कोठीतल्या बाईचं काम

होळी झाली की झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम संपतो. मंडप उतरतात, वडशाच्या नाटक कंपन्या आपले फलक आत घेतात, आणि हिवाळाभर राण्या, सावत्र आया, विधवा होऊन रात्री जागलेल्या आम्ही बायका आपापल्या गावी परत येतो. टिकेश आला त्या सकाळी मी केशोरीतल्या आमच्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. हात चिकट झालेले, केसांना तेल नाही. त्यानं मोटरसायकल उभी केली आणि वाकून नमस्कार केला.

"शामकलाबाई, पिच्चर करून राहिलो. तुमच्याशिवाय होत नाही."

टिकेश गोंदियाचा, लग्नांची शूटिंग करणारा मुलगा. दोन लहानसे भुताचे सिनेमे त्यानं मोबाइलवर टाकले होते आणि लोकांनी ते पाहिलेही होते. आता त्याला मोठा करायचा होता. कॉलेजात त्याला इंग्रजीच्या अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती, दोनशे वर्षांपूर्वीची. तिचं त्याला वेड लागलं होतं. खाटेवर बसून त्यानं मला गोष्ट सांगितली. डोंगरावरची कोठी, तिच्यात राहणारा सरदार, तापानं मेलेली त्याची बायको, वर्षाच्या आत आणलेली दुसरी. मेलेली परत येते. बोलत नाही, कोणाला हात लावत नाही. कोठीत फिरते आणि दुसरीकडं बघत राहते. शेवटी कोठीला आग लागते.

"नाव ठेवलं 'कोठीतली बाई'," तो म्हणाला. "आपल्याजवळ डोंगर नाही, कोठी नाही, बर्फ नाही. पण मामाजींची बंद राइस मिल आहे. आणि भुसा आहे ना! वरून सोडला की कॅमेऱ्यात बर्फच दिसते, बाई."

ऐकता ऐकता मी मनात त्या दुसरीचे संवाद जुळवायला लागले होते. नव्या घरात आलेली, घाबरलेली, नवऱ्यावर जीव असलेली बाई. असं काम मी झोपेतही केलं असतं.

"दुसरीचं वय काय धरलं?" मी विचारलं.

टिकेश मोहफुलांकडं पाहायला लागला. "तुम्ही पहिली आहात, बाई."

"आणि संवाद?"

"संवाद नाहीत. तोंडावर जाळी राहील."

माझा नवरा उदाराम बैलांना पाणी दाखवून येत होता. त्यानं नेमकं तेवढंच ऐकलं. "बरं झालं ना वो," तो म्हणाला. "तुले पाठ करायची कटकट नाही."

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर टिकेशनं दुसऱ्या कोणाला आणलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

दुसऱ्या बायकोचं काम नीतूकडं होतं. नीतू गोंदियाची, बावीस-तेवीस वर्षांची. मोबाइलवर नाचाचे छोटे व्हिडिओ टाकायची आणि लाखो लोक ते पाहायचे. तिला मराठी वाचता येई, बोलताना मात्र प्रत्येक वाक्याला हिंदीचं ठिगळ लागे. एक संवाद ती चार तुकड्यांत म्हणायची. तरी पंखा तिच्याकडं तोंड करून असायचा, पाण्याची बाटली तिच्या हाताशी असायची, आणि कॅमेरामन रोशन तिच्या गालावरचा उजेड नीट करण्यात दुपार घालवायचा.

मिल अर्जुनीच्या रस्त्यावर, नहराच्या म्हणजे कालव्याच्या कडेला होती. धान भिजवायच्या टाक्या कोरड्या पडलेल्या, छताच्या पत्र्यांत कबुतरं, मागच्या बाजूला भुशाचा टेकडीएवढा ढीग. रात्रीचे प्रसंग टिकेश दिवसाच घ्यायचा. खिडक्यांना हिरवी नेट बांधायची, बाकीचा अंधार तो नंतर कॉम्प्युटरवर करणार होता. थर्माकोलचे दगड रंगवून भिंतीला चिकटवले होते. माझा वेश म्हणजे काळा पायघोळ झगा, काखेत घट्ट, आणि तोंडावर काळी रंगवलेली मच्छरदाणी. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत असायचं, वरून भुसा पडत असायचा, तो घामाला चिकटायचा, आणि जाळीच्या आत मी उभी असायची. समोर नीतू आरशात बघून केस विंचरायची आणि माझं काम एवढंच की आरशात तिच्या मागं दिसायचं.

मी ते बिघडवत होते. मला कळत होतं. तिच्या वाक्यावर मी खांदा हलवायची, हात छातीशी न्यायची. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दुःख दिसावं लागतं, ते अंगात मुरलेलं. पण तेवढंच नव्हतं. माणसांनी माझ्याकडं बघावं असं मला वाटत होतं.

"कट," टिकेश म्हणाला. मग जवळ येऊन हळू आवाजात, "बाई, एक्टिंग नका ना करू. काहीच नका करू. फक्त राहा."

नीतूनं ऐकलं. ती हसली नाही, उलट ओशाळल्यासारखी दुसरीकडं पाहायला लागली. त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. पोट बिघडलं म्हणून पडून राहिले. टिकेशला फोनही केला नाही. अडू दे म्हटलं एक दिवस, कळू दे माझी किंमत. दिवसभर फोनची वाट पाहिली. तो वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी मी मिलमध्ये शिरले तसा टिकेश समोरून आला आणि माझ्या पाया पडला.

"काय झालं गा?"

"काल तुम्ही जे केलं ना, बाई, मी जिंदगीत पाहिलं नव्हतं."

मला तो टोमणा वाटला. मी काही बोलणार तेवढ्यात रोशननं कॅमेरा उघडून त्याचा लहान पडदा माझ्यापुढं धरला.

लोखंडी जिन्यावर मी उभी होते. काळा झगा, काळी जाळी. खाली नीतू पाठमोरी बसून सरदाराला काहीतरी विचारत होती. तिचं वाक्य संपलं. जिन्यावरच्या बाईनं काहीच केलं नाही. मग, संपून गेलेलं वाक्य उशिरा ऐकू यावं तसं, तिचं डोकं नीतूच्या आवाजाकडं वळलं. एवढंच. वळताना मान माझ्यासारखीच थोडी डावीकडं कलती होती. लहानपणी पडले होते तेव्हापासूनची ती माझी खोड.

आधी मला हेवा वाटला. भीती नंतर आली. ती मधली शांतता धरायला मी किती वर्षं धडपडले होते, आणि कोणीतरी माझ्या अंगानं ती अशी सहज धरली होती.

"कसं वाटलं?" रोशननं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "आणखी चांगलं झालं असतं."

मी नव्हते असं मी सांगितलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. बऱ्याच दिवसांनी बघत होते.

मनात मी सरळ हिशेब लावला. टिकेशनं कोणाला तरी माझा झगा चढवून उभं केलं असणार आणि आता माझ्या मानापमानासाठी ते लपवतो आहे. मी रोशनला गोलगोल विचारलं. काल मी कशी आले, केव्हा गेले. तो गोंधळला. "दुपारी आल्या ना तुम्ही. नहराच्या वाटेनं. सायंकाळी मीच सोडून दिलं गावाजवळ." झग्याची खोली त्याच्याच कुलपात असे. मी झगा घातला. काखेत तो काचत नव्हता. तिथली शिवण उसवून, आत तुकडा घालून पुन्हा शिवली होती, इतक्या बारीक टाक्यांनी की बोटालाही लागत नव्हते. मला शिवण येत नाही.

नीतू चहाचा कप घेऊन माझ्याजवळ बसली. आजवर ती कधी बसली नव्हती. "दीदी, थँक यू हां. काल तुम्ही डायलॉग समजावला ना, आता बघा." आणि तिनं तो संवाद म्हटला, सरदाराला ती पहिलीबद्दल विचारते तो. कुठं अडली नाही. हिंदी कुठं लागलं नाही. ती बाई माझं काम माझ्याहून चांगलं करत होती, आणि वर या मुलीला शिकवतही होती. मी कोणाला कधी शिकवलं नाही.

त्या दिवशी मी सगळं बळ लावलं. हललेच नाही. श्वास रोखून धरला. "चालते," टिकेश कॅमेऱ्यामागून म्हणाला. "आज ते येऊन नाही राहिलं. होते असं."

घरी आले तेव्हा गुंजन ओसरीवर अभ्यास करत होती. गुंजन माझी मुलगी, आठवीत. हंगामात मी रात्री नाटकाला आणि दिवसा झोपलेली, त्यामुळं आमचं बोलणं म्हणजे मी ओरडणं आणि तिनं तोंड फिरवणं. आज तिनं वर पाहिलं आणि हसली. तिच्या केसांची चार पदरी वेणी घातलेली होती, घट्ट, एकसारखी.

"कोणी घातली?"

"तूच ना," ती म्हणाली. "दुपारी. विसरली का?"

मला तीन पदरीच येते.

मी उदारामकडं पाहिलं. तो धानाचं पोतं शिवत होता. दुपारी घरी कोण आलं होतं, मी विचारलं. "कोण येईल?" तो म्हणाला आणि सुतळी दातानं तोडली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. मिलमध्ये गेले तर घरी परतल्यावर काही ना काही झालेलं असायचं. गुंजनचं गणित सुटलेलं, चूल सारवलेली, उदारामच्या ताटात त्याच्या आवडीची भाजी असायची आणि त्यानं ती पुसून खाल्लेली असायची. माझ्या हातची भाजी तो कधी ताट पुसून खात नाही. घरी राहिले तर संध्याकाळी टिकेशचा फोन यायचा, आवाज भरून आलेला. "बाई, आज तर तुम्ही कमाल केली." एका जागी मी असले की ती दुसऱ्या जागी असायची, आणि जिथं ती असायची तिथली माणसं खूश असायची.

गुंजनला मी एकदा विचारलं, "दुपारची आई वेगळी वाटते का तुले?"

"ती घाईत नसते," ती म्हणाली.

नीतूवरचा माझा राग कुठल्या कुठं गेला होता. तिच्याकडं बघायला मला फुरसत नव्हती. रात्री अंथरुणावर मी जिन्यावरच्या त्या बाईच्या हालचाली आठवायची, अंधारात मान वळवून बघायची, एक क्षण उशिरा, तशीच. येत नव्हतं.

मग शूटिंगचा शेवटचा दिवस आला. आगीचा प्रसंग. मी ठरवलं की आज कुठंच असायचं नाही. घरी मिलमध्ये जाते म्हणून सांगितलं, पिशवी घेतली, आणि मिलच्या अलीकडं काळीपिवळीतून उतरले. फाटकाजवळ ट्रक तोलायच्या वजनकाट्याची खोली आहे. तिच्या मागच्या दारानं आत शिरले. खिडकीची काच अर्धी फुटलेली होती, तिच्यातून सगळं आवार दिसत होतं.

तणसाच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. टिकेश त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होता. नीतू पांढऱ्या झग्यात सावलीला बसली होती. मला कोणी हाक मारत नव्हतं, कोणी माझी वाट पाहत नव्हतं. ते निवांत होते, येणाऱ्या माणसाबद्दल खात्री असली की असतात तसे.

दुपार चढली. नहराच्या वाटेनं ती आली.

उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं आणि बांधावरून ती काळ्या झग्यात चालत येत होती, जाळी आधीच तोंडावर घेतलेली. झग्याची खोली अजून कुलपात होती. चालणं माझं होतं. मान डावीकडं कललेली होती. नीतू उठून धावली आणि तिच्या पाया पडली. तिनं नीतूच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला.

मी बाहेर जायला हवं होतं. आता जाऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं, बस. मी दाराच्या कडीला हात लावला आणि तिथंच थांबले. मी गेले असते तर त्यांनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी पाहिलं असतं. आणि मग निवडलं असतं.

टिकेशनं तणस पेटवलं.

ती आगीकडं चालत गेली. कोणी कट म्हटलं नाही. झळ मला खिडकीत लागत होती, आणि ती त्या झळीत उभी होती, झग्याची किनार हलत होती, बाकी काही नाही. नीतू दारात उभी राहून रडत होती, खरोखरची.

मग ती वळली. एक क्षण उशिरा.

वळून तिनं जाळी वर केली. माझंच तोंड होतं. फक्त त्याच्यावरचा शीण गेला होता.

तिनं वजनकाट्याच्या खिडकीकडं पाहिलं, हात जोडले, आणि नाटक संपल्यावर आम्ही प्रेक्षकांना करतो तसा वाकून नमस्कार केला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी किती वेळ खाली बसून होते माहीत नाही. उठून पाहिलं तेव्हा आग विझली होती, आणि रोशनची मोटरसायकल फाटकातून निघत होती. मागं एक बाई बसली होती. माझी निळी साडी, माझा अंबाडा. मी ओरडले असेन. नक्की सांगता येत नाही. त्यांच्यापैकी कोणी मागं वळलं नाही.

काळीपिवळी मिळाली नाही. थोडं चालले, मग एका ट्रॅक्टरवाल्यानं मागं बसू दिलं. केशोरीत उतरले तेव्हा उन्हं कलली होती. गल्लीत ओळखीच्या बायका होत्या. त्या माझ्याकडं पाहून बाजूला सरल्या, वाट दिली.

उदाराम अंगणात खाट विणत बसला होता. घरातून गुंजनच्या हसण्याचा आवाज येत होता. मोठ्यानं, पोट धरून हसत होती. आणि मध्येच कोणीतरी हळू बोलत होतं, आणि ती पुन्हा हसत होती.

"अजी," मी म्हटलं, "आत कोण आहे?"

"गुंजनची माय."

"ती मी नाही."

त्यानं दोरी ओढून घट्ट केली आणि गाठ मारली. "मले माहीत आहे," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"ती आली तेव्हापासून."

"मग बोलले काऊन नाही?"

त्यानं दाराकडं कान दिला.

"पोरगी हसून राहिली," तो म्हणाला. "ऐका ना."

मी ऐकलं. आतलं बोलणं थांबलं होतं, माझ्यासाठी थांबल्यासारखं. मग गुंजननं काहीतरी विचारलं आणि माझ्या आवाजानं तिला उत्तर दिलं, सावकाश, प्रेमानं.

उदाराम उठला. गुडघ्यावरचा काथ्या झटकला आणि चपला शोधायला लागला.

"शेवटची एसटी आता येईल," तो म्हणाला. "तुम्हाले स्टँडवर सोडून देऊ का?"

त्यानं माझी पिशवी उचलली, तिच्यावरचा भुसा हातानं पुसला आणि फाटकाच्या बाहेर नीट भिंतीला टेकवून ठेवली.